फॅन सारखा चालू-बंद होतो? आधी सेकंद मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलुंडच्या एका गृहस्थांची २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, तीन वर्षांपूर्वी बाहेरून सीएनजी किट बसवलेलं, ८२ हजार किलोमीटर झालेले. गाडी उभी, इंजिन चालू, एसी बंद. तरी रेडिएटरचा फॅन पाच-सहा सेकंद फिरतो, थांबतो, दहा-बारा सेकंदांनी पुन्हा फिरतो. टेम्परेचरचा काटा मध्यावरून हलत नाही. जुलैत सायनच्या गांधी मार्केटपाशी तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली होती, त्यानंतर महिन्याभराने हे सुरू झालं. एका मिस्त्रीने टेम्परेचर सेन्सर बदलला, फरक शून्य. दुसरा म्हणतो थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाका, तिसरा म्हणतो इंजिनाचं हेड उघडावं लागेल. आणि पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ: हल्ली सकाळी गाडी पेट्रोलवरून गॅसवर (सीएनजीवर) जायलाही फार वेळ लावते. नक्की काय बदलू?

सध्या काहीच बदलू नका. तुम्ही सेकंद मोजून लिहिलेत, हे फार बरं केलंत. माझ्या गॅरेजमध्ये येणारी दहातली आठ माणसं "फॅन सारखा लागतो" एवढंच सांगतात, आणि "सारखा" म्हणजे कुणाचं तीन मिनिटांनी असतं तर कुणाचं तीन सेकंदांनी. या दोन्ही तक्रारी वेगळ्या, त्यांची औषधंही वेगळी.

फॅनने चालू-बंद व्हायचंच असतं. बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत पाणी ९५ ते १०० अंशांच्या मध्ये कुठेतरी पोचलं की फॅन लागतो आणि चार-सहा अंश उतरलं की बंद होतो. नेमका आकडा गाडीगणिक बदलतो. मुंबईच्या मे महिन्यात, गाडी उभी, एसी बंद, अशा वेळी निरोगी गाडीचा फॅन अर्धा-पाऊण मिनिट चालतो आणि दोन-तीन मिनिटं गप्प बसतो, हा माझा नेहमीचा अनुभव. एवढं होत असेल तर बॉनेट लावा आणि घरी जा.

तुमचे दहा-बारा सेकंद मात्र त्यात बसत नाहीत, आणि ते का बसत नाहीत हे समजलं की अर्धं काम झालं. तुमच्या इंजिनात साधारण साडेचार लिटर कूलंट, म्हणजे ज्याला आपण सरसकट पाणी म्हणतो ते, आहे. ते एका अंशाने तापवायला सतरा-अठरा किलोज्यूल लागतात. लिटरभराचं इंजिन उभ्या जागी तासाला अर्धा-पाऊण लिटर पेट्रोल जाळतं आणि त्यातली साधारण तिसरा हिस्सा उष्णता पाण्यात जाते, म्हणजे दीड-दोन किलोवॉट. आंघोळीचं पाणी तापवायचा घरातला रॉड असतो ना, तेवढीच ताकद. आता छोट्या बादलीत साडेचार लिटर पाणी घ्या, त्यात रॉड सोडा आणि दहा सेकंदांत पाणी पाच अंशांनी चढतं का बघा. पाऊण-एक मिनिट लागतं. इंजिनात तर पाण्याबरोबर अ‍ॅल्युमिनियमचं हेड आणि ब्लॉकही तापवायचा असतो, म्हणून ते दोन-तीन मिनिटांवर जातं.

तेव्हा तुमच्या गाडीत दहा सेकंदांत सगळं पाणी गरम-थंड होत नाहीये, ते होऊच शकत नाही. एक तर फॅनच्या विजेच्या वाटेत कुठेतरी कनेक्शन तुटतंय-जुळतंय, नाहीतर सेन्सरला जे दिसतंय ते इंजिनातलं खरं पाणी नाही. शोध या दोनच दिशांनी करायचा.

त्याआधी एसीचं थोडक्यात उरकतो, कारण या बाबतीत लोक हमखास फसतात. एसी चालू असताना बहुतेक छोट्या गाड्यांत कॉम्प्रेसर लागला की फॅन लागतो आणि कॉम्प्रेसर सुटला की फॅनही सुटतो. एसीचा गॅस कमी असेल तर कॉम्प्रेसर काही सेकंदांनी लागतो-सुटतो आणि त्याच्या मागे फॅनही नाचतो. अशा वेळी रेडिएटरला हात लावायचं कारणच नाही. तुमचा एसी बंद आहे म्हणता, तरी स्विच बंद करून पुढच्या काचेवरचा डिफॉगरही बंद आहे ना ते बघा. काही गाड्यांत तो लावला की कॉम्प्रेसर आपोआप लागतो, आणि पावसाळ्यात तो लावलेला राहून जातो.

आता पहिली खरी चाचणी, आणि हिला हत्यार लागत नाही. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो, त्यात फॅनचा रिले, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर फॅनची वीज जोडणारा-तोडणारा छोटा डबा, शोधा. इंजिन गरम होऊ द्या, रिलेवर बोट ठेवा आणि फॅन बंद होण्याची वाट बघा. फॅन थांबतो त्याच क्षणी रिले बोटाखाली "टक्" करतो का? एवढंच बघायचंय. हात, ओढणी, टायची टोकं फॅनपासून लांब ठेवा. काही गाड्यांत चावी काढल्यावरसुद्धा फॅन स्वतःहून सुरू होतो. फॅनच्या पात्याला हात लावायची वेळ आली तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढायचं. हा नियम मी माझ्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. माझ्या डाव्या हाताच्या मधल्या बोटावरची खूण दाखवून.

टक् न होता फॅन थांबला, तर इंजिनाचा कॉम्प्युटर अजून "फिर" म्हणतोय आणि फॅनच ऐकत नाहीये. मग सेन्सर, थर्मोस्टॅट, हेड हे सगळे निर्दोष. दोष रिलेच्या आतल्या पॉइंटमध्ये, वायरीत, कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या प्लगमध्ये), अर्थिंगमध्ये किंवा मोटरमध्ये. तुम्ही पाण्यातून गाडी काढली आहे, म्हणून या शाखेवर जरा थांबतो.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तो आकडा सगळ्यांना पाठ आहे. आम्हा इलेक्ट्रिशियन लोकांसाठी त्या पावसाचा हिशोब दिवाळीपर्यंत चालला होता. गाड्या धुऊन-पुसून, सीट वाळवून चालू झाल्या, आणि दोन-तीन महिन्यांनी एकेक चमत्कार दाखवायला लागल्या. मुंबईत तुंबणारं पाणी नुसतं पावसाचं नसतं. त्यात गटार असतं, भरतीची वेळ असेल तर खाडीही असते. असं पाणी कपलरमध्ये शिरलं की पितळी पिनेवर हिरवी बुरशी धरते. त्याहून वाईट म्हणजे पाणी वायरीच्या आवरणाखालून तांब्याच्या तारांमधून दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं वर चढतं. बाहेरून वायर ठणठणीत, आत तांबं काळं ठिक्कर.

त्याच वर्षी एक टुरिस्ट गाडी आली होती, तक्रार तुमच्यासारखीच. मी फॅनची मोटर बदलली. दोन दिवसांनी गाडी परत. रिले बदलला. परत. तिसऱ्यांदा मालक बोलला नाही, नुसता उभा राहिला. ते शिव्या देण्यापेक्षा वाईट. मग मी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं: मल्टिमीटरचं एक टोक फॅनच्या काळ्या वायरीला, दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हला, फॅन फिरत असताना. तिथे ०.२ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं, अर्धा व्होल्ट म्हणजे डोकं वर काढलेला दोष. मला तीन व्होल्ट दिसले. बॅटरीच्या ट्रेखाली बॉडीला लावलेला अर्थिंगचा बोल्ट गंजून फुगला होता. दहा-बारा अँपिअर करंट गेला की ती जागा तापायची, जोड सुटायचा, फॅन थांबायचा. थंड झाली की जोड पुन्हा धरायचा. पॉलिश पेपर, नवी थिंबल (वायरीच्या टोकाची कडी), वरून ग्रीस. वीस मिनिटांचं काम. मोटरचे पैसे मी परत केले. ती जुनी मोटर अजून माळ्यावर आहे, आणि चालते.

म्हणून तुम्ही किंवा तुमचा मिस्त्री ही मापं फॅन फिरत असतानाच घ्या. फॅन बंद असताना ओहम मोजून काही कळत नाही. एक तार शिल्लक असली तरी मीटर "ठीक" म्हणतो, पण दहा अँपिअर त्या एका तारेतून जात नाहीत. तशीच चाचणी पॉझिटिव्हच्या बाजूने: बॅटरीचं पॉझिटिव्ह आणि फॅनची लाल किंवा निळी, जी काय असेल ती वायर, यांच्यामध्ये. तिथे जास्त दिसलं तर रिलेचे पॉइंट जळलेत किंवा फ्यूजची बैठक सैल झाली आहे. रिले उपटून त्याच्या पायांकडे बघा. एखादा पाय निळसर-तपकिरी झाला असेल किंवा सॉकेटचं प्लॅस्टिक वितळलं असेल तर पुरावा हातात आला. नवीन रिले घेण्याआधी हॉर्नचा किंवा एसीचा रिले त्याच नंबरचा असेल तर तो तात्पुरता घालून बघा. फुकट चाचणी.

मोटर खरोखर गेली असेल तर तिची ओळख वेगळी. फॅन थांबला, रिले टक् झाला नाही, अशा वेळी कपलरच्या दोन्ही पिनांना टेस्ट लॅम्प लावा. लॅम्प लख्ख पेटतोय आणि फॅन गप्प, म्हणजे आतले कार्बन, मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे, झिजलेत. हातोडीच्या लाकडी दांड्याने मोटरच्या पाठीवर हलकेच टकटक केलं आणि फॅन झोपेतून उठल्यासारखा फिरला, तर खात्रीच. अशा मोटरचे कार्बन बदलून मिळतात, पण आर्मेचरवर, म्हणजे त्या फिरत्या भागावर, खाच पडली असेल तर तो खर्च वायाच. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या बाजारात जुनी मोटर मिळेल. घ्यायची तर दुकानातच बॅटरीला लावून दहा मिनिटं फिरवून घ्या. आणि बसवल्यावर कागदाची चाचणी करा: समोरच्या जाळीवर वर्तमानपत्राचं पान धरलं की ते आत ओढलं जाऊन चिकटलं पाहिजे. दोन वायरी उलट जोडल्या तर फॅन उलटा फिरतो, वारा समोर फेकतो, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता दुसरी शाखा. फॅन थांबतो आणि त्याच क्षणी रिले टक् करतो. म्हणजे कॉम्प्युटरच दर दहा सेकंदांनी मत बदलतोय. प्रश्न येतो, तो काय बघून मत बदलतो.

इथे काट्यावर विश्वास ठेवू नका. हल्लीच्या गाड्यांत काटा मुद्दाम सुस्त केलेला असतो. पाणी ८० अंश असो की १०५, तो मध्यावरच बसतो, म्हणजे गिऱ्हाईक घाबरायला नको. लाल रेघेकडे सरकतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. तुमची गाडी २०१४ ची आहे, म्हणजे स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट, गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडायची जागा, असणार. ब्लूटूथचा स्वस्तातला स्कॅनर आणि मोबाइलवरचं अ‍ॅप एवढ्याने कूलंटचं खरं टेम्परेचर दिसतं. सर्वांत आधी सकाळी गाडी थंडगार असताना चावी लावून आकडा बघा. रात्रभर उभ्या गाडीत कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं टेम्परेचर जवळपास एकच दिसलं पाहिजे, आपल्याकडे २८-३० वगैरे. तिथेच दहा-पंधरा अंशांचा फरक असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर खोटं बोलतेय. तुमच्या मिस्त्रीने बदललेला नवा सेन्सर बरोबर आहे की दुसऱ्या मॉडेलचा, हेही इथेच कळतं. मीटरने तपासायचं तर नेहमीचा दोन पिनांचा सेन्सर २० अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास, ८० ला ३००-३५०, आणि १०० ला दोनशेच्या खाली दाखवतो.

मग गाडी गरम करा आणि आकड्याकडे बघत बसा. मोबाइलवर आलेख काढता आला तर उत्तम. तो कसा हलतो त्यावर सगळं आहे.

आकडा ९४ वरून एकदम उणे ४० वर आणि परत ९४ वर उडाला, तर सेन्सरची वायर मधे मधे तुटतेय. कॉम्प्युटरला वायर तुटली की उणे ४० दिसतं. तसं दिसलं की बहुतेक गाड्या सुरक्षेसाठी फॅन लावून टाकतात, जोड परत जुळला की बंद. तुमचे पाच-सहा सेकंद यानेही होऊ शकतात. अशा वेळी कॉम्प्युटरच्या मेमरीत पी ०११८ हा दोषाचा कोड सापडतो. पी ०११७ असेल तर वायर कुठेतरी घासून शॉर्ट होतेय. कपलर हातात धरून हळूच हलवा, आकडा उडतो का बघा. तुमच्याकडे सेन्सर बदलला, पण कपलर तोच जुना, गांधी मार्केटचं पाणी प्यालेला. सेन्सर बदलून फरक पडला नाही याचा अर्थ सेन्सरची लाइन निर्दोष आहे असा होत नाही. जुना सेन्सर ठीक होता, एवढंच.

आकडा उडत नाही, पण पाच-सात सेकंदांत ९३ वरून ९९ वर आणि परत ९३ वर असा लाटेसारखा झुलतो, तर वायर नव्हे, सेन्सरच्या तोंडाशी हवा आहे. पाण्यात बुडालेला सेन्सर शांतपणे वाचतो. तिथे हवेचा किंवा वाफेचा फुगा अडकला असेल तर कधी वाफ लागते, कधी पाण्याची उसळी लागते, आणि कॉम्प्युटर बिचारा दोन्ही खरं मानतो.

आणि आकडा ९३ वर खांबासारखा स्थिर असताना रिले टक् टक् करत असेल, तर टेम्परेचरचा संबंध संपला. मग एसीच्या प्रेशर स्विचची लाइन, रिलेच्या कॉइलला येणारा सप्लाय आणि सीएनजी किटवाल्याने मारलेले जोड बघायचे. किट बसवणारे काही जण इग्निशनचा सप्लाय जिथे हाताला येईल तिथून घेतात आणि वर काळी टेप गुंडाळतात. ती टेप तीन पावसाळे काढत नाही.

आता तुमच्या त्या शेवटच्या ओळीकडे येतो. गाडी गॅसवर जायला वेळ लावते, हे तुम्ही वेगळी तक्रार म्हणून लिहिलंत. मला ती या प्रश्नातली सगळ्यात मोलाची ओळ वाटते.

सिलिंडरमधला सीएनजी २०० बारच्या दाबाने भरलेला असतो. रिड्युसरमध्ये तो दाब एकदम उतरतो, आणि दाब उतरताना गॅस भयंकर थंड होतो. रिड्युसर गोठू नये म्हणून त्याच्यातून इंजिनाचं गरम पाणी फिरवलेलं असतं. हे पाणी हीटरच्या होज पाइपला टी-जॉइंट मारून घेतात. रिड्युसर पुरेसा तापल्याशिवाय किट गाडी गॅसवर टाकत नाही. आता जोड लावून बघा: मुंबईच्या हवेत रिड्युसर तापायला वेळ लागतोय, म्हणजे त्याच्यापर्यंत गरम पाणी नीट पोचत नाही. का पोचत नाही? कारण पाणी कमी आहे किंवा वाटेत हवा अडकली आहे. आणि हवा अडकली असेल तर तीच सेन्सरपाशीही झुलत असणार.

म्हणून पैज लावायची तर मी कूलंट कमी होऊन एअर लॉक झाला यावर लावीन, आणि गळती त्या टी-जॉइंटच्या क्लिपांपाशी शोधीन. स्क्रूच्या साध्या क्लिपा, रबर तीन वर्षांत कडक झालेलं. थंड इंजिनाला तिथून थेंब सुटतो, गरम झालं की रबर फुगून जागा बंद होते. खाली ओलं दिसत नाही, पण जोडाभोवती हिरवट-पांढरा सुकलेला डाग दिसतो. पैज हरलो तर पावसाळी कपलर जिंकेल. दोन्ही एकत्र असण्याचीही शक्यता आहे. गाड्या एका वेळी एकच रोग धरायला बांधील नाहीत.

तपासायचं कसं? इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे सकाळी, रेडिएटरचं झाकण उघडा. गरम असताना अजिबात नाही. ०.९ किंवा १.१ बारचं झाकण आतल्या पाण्याला शंभरच्या वर जाऊनही उकळू देत नाही. झाकण सैल केलंत की तो दाब जातो आणि पाणी त्याच क्षणी वाफ होऊन तुमच्या तोंडावर येतं. थंड असताना उघडल्यावर कूलंट तोंडापर्यंत दिसलं पाहिजे. बाजूच्या बाटलीत लेव्हल बरोबर आहे म्हणून रेडिएटर भरलेला आहे असं समजू नका. झाकणाचं रबर फाटलेलं असेल तर बाटलीत गेलेलं पाणी परत ओढलंच जात नाही, बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा, असा प्रकार मी दर महिन्याला बघतो. झाकण जुनं असेल तर बदला. त्यावर लिहिलेला दाब तोच हवा.

कूलंट तयार मिश्रणाचं घ्या, रंगावर जाऊ नका, गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या जातीचं घ्या, आणि आधीचं कुठलं आहे ठाऊक नसेल तर सगळं काढून नवीन भरा. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी घालू नका, त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात.

हवा काढायला गाडीचं तोंड वर असेल अशा चढावर उभी करा. मुलुंड कॉलनीकडे डोंगराच्या बाजूला चढणारे रस्ते आहेतच. हँडब्रेक, चाकाला दगड. हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर पहिल्यावर. थंड इंजिनात हळूहळू कूलंट ओता, वरचा जाड होज हाताने दाबत-सोडत राहा, बुडबुडे येतील. इंजिनावर हवा काढायचा स्क्रू असेल तर बुडबुडे थांबून सरळ धार येईपर्यंत तो सैल ठेवा. मग झाकण लावून इंजिन चालू करा, फॅन दोनदा लागून बंद होऊ द्या. हीटरमधून गरम वारा आला आणि रिड्युसरचे दोन्ही पाइप हाताला सारखे गरम लागले, म्हणजे हवा गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी परत लेव्हल बघा, थोडी उतरलेली असेलच.

हेडची भीती एवढ्यावरच काढून टाकू नका, कारण हेड गास्केट (हेड आणि ब्लॉक यांच्या मधलं पॅकिंग) गळत असेल तर जळालेला वायू पाण्यात शिरतो आणि तोही असाच हवेचा फुगा करतो. पण म्हणून आधी हेड उघडायचं नसतं. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक होतो का? झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू केलं तर एकसारखे बुडबुडे येतच राहतात का? हवा काढल्यावर आठवड्याभरात परत हवा धरते का? तिन्हीला "नाही" असेल तर हेडला हात लावू देऊ नका. शंका उरली तर ब्लॉक टेस्टचं निळं द्रावण मिळतं. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढली आणि द्रावण पिवळं झालं, तर वायू शिरतोय. दहा मिनिटांची चाचणी, हेड उघडण्याच्या खर्चापुढे काहीच नाही.

थर्मोस्टॅट काढायचा सल्ला मात्र मला मान्य नाही, आणि हा सल्ला मुंबईत चहासारखा वाटला जातो. "आपल्याकडे बर्फ पडतो का?" हे त्याचं समर्थन. हे पद्मिनी टॅक्सीच्या काळातून आलंय. तिचा फॅन इंजिनाच्या बेल्टवर कायम फिरायचा आणि गाडी तापली की मिस्त्री वाटेतलं जे अडेल ते काढून टाकायचा. तुमच्या इंजिनात थर्मोस्टॅट दोन कामं करतो: गरम झाल्यावर रेडिएटरची वाट उघडतो, आणि बऱ्याच इंजिनांत त्याच वेळी छोटी बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायमची उघडी. थोडं गरम पाणी रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात फिरतं, म्हणजे चढावर गाडी उलट जास्त तापू शकते. आणि सपाट रस्त्यावर इंजिन थंड राहतं, पेट्रोल जास्त पितं, गॅसवर जायला आणखी वेळ लावतं. संशयच असेल तर तो काढून पातेल्यात पाण्यात उकळा. त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे, उकळत्या पाण्यात पूर्ण उघडला पाहिजे, आणि थंड झाल्यावर घट्ट मिटला पाहिजे.

ज्यांचा फॅन तुमच्यासारखा सेकंदांनी नव्हे, मिनिटांनी चालू-बंद होतो पण जास्त वेळ फिरतो, त्यांनी रेडिएटर बघावा. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत मेट्रोच्या कामाची धूळ आणि सुका पाला यांचा गालिचा तयार होतो, समोरून दिसतही नाही. इंजिनाच्या बाजूने बाहेर, साध्या नळीच्या धारेने धुवा. प्रेशरची गन जवळून मारली तर फिन्स, म्हणजे जाळीच्या पातळ पट्ट्या, झोपतात. सकाळी सहाला ईस्टर्न एक्स्प्रेसवर ६०-७० च्या वेगाने एसी बंद ठेवून दहा मिनिटं चालवा. तेव्हा फॅन लागताच कामा नये, वारा पुरतो. लागत असेल तर रेडिएटर आतून चोंदलाय किंवा वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, पाणी ढकलत नाहीये. दोन स्पीडच्या फॅनमध्ये आणखी एक गंमत असते: हळू स्पीडचा रेझिस्टर जळला की फॅन आधी लागतच नाही, पाणी बरंच चढल्यावर एकदम विमानासारखा गर्जतो, पटकन थंड करतो आणि थांबतो. लोकांना वाटतं फॅन जोरात आहे, छान आहे.

एक गोष्ट करून घेऊ नका, कुणी कितीही स्वस्तात देत असलं तरी: फॅन "डायरेक्ट" करणं. चावी लावली की फॅन कायम चालू. तक्रार जाते, कारण आवाज एकसारखा होतो आणि माणसाला सवय होते. एअर लॉक तिथेच असतो, पाणी रोज थोडं कमी होत असतं, आणि फॅन फिरतोय म्हणून कुणी झाकण उघडून बघत नाही. अशी एक शाळेची व्हॅन माझ्याकडे टोइंगने आली होती, फॅन तेव्हाही मस्त फिरत होता. रेडिएटरमध्ये कूलंटचा थेंब नव्हता.

तर येत्या रविवारी सकाळी, चहाच्या आधी: थंड इंजिनाचं झाकण उघडून लेव्हल, टी-जॉइंटच्या क्लिपांवर बोट फिरवून डाग, सेन्सरचा कपलर काढून हिरवेपणा. कपलरवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पिना किंचित आवळून परत बसवा. मग हवा काढा. मग गाडी गरम करून एका हाताचं बोट रिलेवर, दुसऱ्या हातात मोबाइलवरचा आकडा, आणि पोराला घड्याळ धरून उभं करा. फॅन अर्धा मिनिट चालून दोन मिनिटं थांबला, तर रविवारचा बाकी दिवस तुमचा. पाच सेकंदांचा खेळ तसाच राहिला, तर टक् झालं की नाही आणि आकडा उडाला, झुलला की स्थिर राहिला, एवढ्या दोन गोष्टी कागदावर लिहून कुठल्याही चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनच्या हातात द्या. त्याने तो कागद न वाचता पाना उचलला, तर चावी परत मागा.